चौकटीतलं वाक्य

"लेकराच्या हातात जायचंय," असं म्हणून ताई पुस्तकाच्या मधल्या पानावरची पिन चमच्याच्या पाठीनं दाबायच्या. एकदा, दोनदा, मग वरून अंगठा फिरवून बघायच्या. टोक बोटाला लागलं नाही की पुस्तक उजवीकडच्या थप्पीवर जायचं. लागलं तर पुन्हा चमचा.

हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नांदेडच्या आमच्या छापखान्यात पिना मारायचं एक जुनं यंत्र होतं आणि ते आपल्या मर्जीनं पिना मारायचं. दहा पुस्तकांत एखादीचं टोक वर यायचंच. त्यावर आजवर एकही तक्रार आली नव्हती. लेकरं तक्रार कुठं करतात? बोट चोखतात आणि पुढचं पान उलटतात. ताईंनी घरून एक स्टीलचा चमचा आणला आणि चहाच्या चमच्यांत मिसळू नये म्हणून त्याला लाल दोरा बांधला. कटिंग मशीनवरचे चाचा त्यांना चिडवायचे, "ताई, किताब हाय ही, पोळी न्हाई. इतकी प्रेमानं कशाला लाटून राहिल्या?" त्यावर ताई मान वर न करता म्हणायच्या, "पोळी तरी खाऊन संपती चाचा. हे घरात राहतंय."

तुम्हीही ही पुस्तकं पाहिली असतील. बत्तीस पानांची, वर तलवार नाहीतर रणगाडा, आत ठळक टाइप आणि काळ्या शाईतली चित्रं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पत्र्याच्या पेटीत असतात, बसस्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर लटकलेली असतात, वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला की बक्षीस म्हणून मिळतात. ती लिहितं कोण, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. पडायचं कारणही नाही. त्यातली चाळीसेक मी लिहिली आहेत.

इतिहासात एम.ए. झालो. काही वर्षं कॉलेजात तासिकेवर शिकवलं. तासिका आटत गेल्या तसा या छापखान्यात आलो आणि लेखक, मुद्रितशोधक, विक्रेता असं सगळं मीच झालो. शेजाऱ्याशी नळाच्या पाण्यावरून झालेलं एकमेव भांडणही मी हरलो आहे. पण कागदावर मी किल्ले सर केले, खिंडी लढवल्या, बंकर उडवले. घोडे खिंकाळले, रक्ताचे पाट वाहिले. आठ ते बारा वयाच्या मुलांसाठी रक्ताचे पाट किती रुंद असावेत याचा मला चांगला अंदाज आला होता.

या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर एक चौकट असायची. भोवती चांदण्यांची नक्षी, वर 'अखेरचे शब्द' आणि आत एक वाक्य. ही मालकांची कल्पना. मालक म्हणायचे, "सर, गुरुजी लोकांना पुस्तक वाचायला फुरसत नसती. शेवटचं पान उघडतेत, चौकट बघतेत, लेकराला पाठ करायला बरं हाय म्हणतेत आन् घेतेत. चौकट पाहिजेच." आता मरणारा माणूस काय बोलला हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. बहुतेकदा ते ऐकणारंही कुणी उरलेलं नसतं. मग ते मी लिहायचो. माझा त्यात हात बसला होता. समोरचा चहा निवायच्या आत एखादा वीर मरताना काय म्हणाला ते तयार असायचं.

ताई आमच्याकडं आल्या तेव्हा तिशीच्या आतच असतील. चार वर्षांची मुलगी बरोबर होती. तिला बालवाडीत घातलं होतं. ती दुपारी सुटली की ताईंच्या टेबलाखाली येऊन बसायची आणि कागदाच्या कतरणींची भाजी करून आम्हाला वाढायची. नायगाव तालुक्यातलं कुठलंसं गाव होतं त्यांचं. नवरा काय करतो असं चाचांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "फौजेत हायत," त्या म्हणाल्या. विषय तिथंच संपला. फौजेतल्या माणसाची बायको पोरीच्या शिक्षणासाठी शहरात खोली करून राहते, यात नवल काही नव्हतं.

छापलेला मोठा कागद घडी घालायच्या आधी त्या खिडकीकडं धरायच्या. पुढच्या आणि मागच्या बाजूचे पानांचे आकडे एकमेकांवर बरोबर येतात का, ते उजेडातून दिसतं. ते बघता बघता त्यांना बाकीचंही दिसायचं. एकदा मला हाक मारली, "सर, ह्या घोड्याला पाच पाय हायत."

मी मोजले. पाचच होते. त्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघून गेल्या होत्या आणि मराठवाड्यातल्या एकाही गुरुजींना तो पाय दिसला नव्हता. मी चित्रकाराला फोन लावला. तो म्हणाला, तो पाचवा मागच्या घोड्याचा असेल. मी तसं ताईंना सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा खिडकीकडं धरला. "मग मागच्याला तीनच ऱ्हाईले की," म्हणाल्या आणि घडी घातली.

त्यांचं हसणं असं असायचं. ओठांवर यायचं नाही, कामात जिरायचं.

त्यांना येऊन वर्ष होत आलं असेल तेव्हा एका जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. नांदेड जिल्ह्यातल्या एका शहीद जवानाचं पुस्तक. ते मी चारेक वर्षांपूर्वी लिहिलं होतं. माहिती घ्यायला त्या गावी गेलो होतो. जवानाच्या वडिलांनी कपाटातून फोटो काढून दिला, सरपंचांनी शाळेतल्या आठवणी सांगितल्या. दोघांनी मिळून जेवढं सांगितलं ते चार पानांत संपलं, उरलेली अठ्ठावीस मी भरली. बायको तान्ह्या मुलीला घेऊन देगलूरकडं माहेरी गेली होती, ती भेटली नाही. पुस्तकात तिचा उल्लेख 'वीरपत्नी' असा दोनदा आला होता. नाव नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

दुपारची वेळ होती. ताईंनी पहिला कागद उचलून खिडकीकडं धरला आणि धरूनच राहिल्या. नेहमी दोन सेकंदांचं काम. मी प्रुफावरून मान वर केली तेव्हा कागद तसाच होता आणि त्याच्यामागं त्या दिसत नव्हत्या, फक्त दोन हात दिसत होते. मला वाटलं पुन्हा घोड्याचं काहीतरी निघालं. मग त्यांनी कागद खाली घेतला, माझ्या टेबलापाशी आल्या आणि चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कुणी लिहिलं?"

"मी," मी जरा अभिमानानंच म्हणालो. चौकट बरी जमली होती. आतलं वाक्य असं होतं: 'माझ्या रक्ताचा थेंब न् थेंब मातृभूमीच्या चरणी अर्पण असो. माझ्या कन्येला सांगा, तुझा पिता रणातून मागे फिरला नाही.'

"ते असं म्हणले न्हाईत," ताई म्हणाल्या.

मला अजून कळलं नव्हतं. मी विचारलं, "कोण?"

"पोरीचे पप्पा."

त्यांचं आडनाव निम्म्या तालुक्याचं आहे. त्यावरून काही कळायचं कारण नव्हतं, अशी समजूत मी पुढं अनेक वर्षं घातली आहे. ते पुस्तक सासऱ्यांच्या कपाटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं होतं. ताईंनी वरचा फोटो पाहिला होता, आत उघडलं नव्हतं. पेन्शन येत होती, पण घरात बसलं की डोकं फिरतं म्हणून त्यांनी काम धरलं होतं. हे सगळं त्यांनी उभ्या उभ्या चार वाक्यांत सांगितलं. बर्फातल्या रस्त्यावरून रसद घेऊन जाणारी गाडी दरीत गेली होती. गाडीतलं कुणीच वाचलं नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच तर काहीही लिहायला मोकळा होतो.

"आदल्या दिवशी सांजच्याला फोन आला होता," ताई म्हणाल्या. "शेवटचं माझ्याशीच बोलले. आन् तिला ते कन्या म्हणत नव्हते, ठमी म्हणायचे." मग म्हणाल्या, "हे काढा सर. पोरीला अजून जोडाक्षरं येत न्हाईत. यायच्या आत काढा. एकदा वाचलं की ती खरं धरल."

ही एवढीच मागणी. मागणाऱ्याचा हक्क होता आणि करणाऱ्याला एक ओळ पुसायची होती.

मी मालकांकडं गेलो. मालक वाईट माणूस नव्हे. ताईंची हकिकत कळल्यावर त्यांनी खुर्चीवरून उठून हात जोडले, पगारी सुट्टी देऊ केली, फोटोला हार घालू म्हणाले. पण चौकट काढायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं आणि आपल्या परीनं तोड काढली. "ताई, तुम्ही म्हणता तेच खरं. मग साहेब फोनवर काय बोलले ते सांगा, तेच छापू. खरंखुरं. त्याच्यासारखं काय हाय?"

"ते छापायचं न्हाई," ताई म्हणाल्या.

"जरा कमीजास्त करून सर लिहितील की."

"न्हाई. रिकामं ठेवा."

मालकांना काहीही समजावता आलं असतं, रिकामी जागा समजावता आली नसती. चांगला कागद कोरा विकायचा म्हणजे त्यांच्या लेखी पापच. शेवटी ठरलं की ही आवृत्ती तर छापून झाली आहे, पुढच्या वेळी बघू. 'पुढच्या वेळी नक्की काढतो,' असं ताईंना मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि टेबलावर जाऊन त्या कागदाची घडी घातली. त्या दिवशी चमच्याचा आवाज नेहमीसारखाच येत होता.

पुढची वेळ जूनमध्ये आली. शाळा उघडायच्या होत्या. मी नमुन्याच्या पुस्तकांची पिशवी खांद्याला लावून देगलूर, मुखेड, बिलोली असा एसटीनं हिंडत होतो. उन्हानं जीव बेजार झाला होता. संध्याकाळी छापखान्यात आलो की प्रुफांचा ढीग असायचा. अशाच एका संध्याकाळी त्या पुस्तकाचं प्रूफ समोर आलं. मी मुखपृष्ठावरचा आवृत्तीचा आकडा बदलला आणि वर लिहिलं, 'आहे तसे.' खाली सही केली. चौकट मला आठवली नाही असं नव्हे. आठवली, पण त्यासाठी मालकांशी पुन्हा बोलावं लागलं असतं आणि माझ्यात बोलायची ताकद नव्हती. थकलेला माणूस वाईट नसतो, पण त्याच्या हातून वाईट गोष्ट फार सहज होते. एवढंच मला माझ्या बाजूनं म्हणता येईल.

त्या सगळ्या प्रतींच्या घड्या ताईंनी घातल्या. पिनाही दाबल्या. शेवटचा गठ्ठा बांधून झाल्यावर पदराला हात पुसत माझ्या टेबलापाशी आल्या. आता काहीतरी ऐकावं लागणार म्हणून मी पेन खाली ठेवलं.

"सर, पोरगी पहिलीत गेली," त्या म्हणाल्या आणि डबा उचलून निघाल्या.

पहिलीची दुसरी झाली. टेबलाखालची भाजी बंद झाली आणि वाचन सुरू झालं. खराब निघालेल्या प्रती एका खोक्यात टाकायचो, त्यातली पुस्तकं घेऊन मुलगी मोठ्यानं वाचत बसायची. चाचा तिला किल्ल्यांची पुस्तकं काढून द्यायचे. ताई अधूनमधून खोकं चाळायच्या आणि एक विशिष्ट मुखपृष्ठ दिसलं की ते काढून गठ्ठ्यांच्या मागं सारायच्या. मी ते बघायचो. दर वेळी मनात म्हणायचो, या आठवड्यात मालकांशी बोलू.

पण आपल्या बापाचा फोटो पोरीला सापडायचा तो सापडलाच. एके दिवशी टेबलाखालून आवाज आला, "र-क्ता-चा." मग "थेंब." मग पुन्हा "रक्ताचा थेंब." ताईंचे हात थांबले. माझेही. मुलगी एकेक जोडाक्षर फोडत पुढं गेली. 'मातृभूमी'ला तिला फार वेळ लागला. ते वाक्य तिनं पूर्ण केलं आणि टेबलाखालून डोकं बाहेर काढलं.

"मम्मी, कन्या म्हंजे काय?"

"पोरगी," ताई म्हणाल्या.

"मंग हे पप्पांनी मला सांगितलं?"

मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. बाळ, ते मी लिहिलंय, असं म्हणायला चार शब्द लागतात. ताईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्यासाठीच त्या थांबल्या होत्या असं मला आजही वाटतं. मी चष्मा पुसत होतो.

"हाव," ताई मुलीला म्हणाल्या. "तुलाच."

मुलीनं ते पुस्तक दप्तरात ठेवलं. आठ महिन्यांची असताना तिचा बाप गेला होता. त्यानं तिला सांगितलेली ही पहिलीच गोष्ट होती. आठवड्याभरात वाक्य पाठ झालं. ती चाचांना म्हणून दाखवायची, मालकांना म्हणून दाखवायची. मालकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ते माझ्याकडं बघून मान हलवायचे, म्हणजे बघा चौकट कशी असते ते.

त्या दिवसापासून ताईंनी ते वाक्य काढा असं एकदाही म्हटलं नाही. शहाणा माणूस यातून समजला असता. मी मात्र त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ असा लावला की त्या माझ्यावर रुसल्या आहेत आणि मी ते काम एकदाचं केलं पाहिजे.

मुलगी चौथीत असताना ते मी केलं. ताई संक्रांतीला गावी गेल्या होत्या, सासूच्या आजारपणामुळं दहा-बारा दिवस तिथंच राहणार होत्या. मालक डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला गेले होते. नवी आवृत्ती निघायचीच होती. मी चौकट काढली, चांदण्या काढल्या, 'अखेरचे शब्द' काढलं. निम्मं पान कोरं सोडलं आणि तसंच छापायला दिलं. घड्या दुसऱ्या बाईकडून घालून घेतल्या, ताईंना अचानक दाखवायचं म्हणून. इतक्या वर्षांत मी धाडसाचं केलेलं हे एकच काम. त्या रात्री मला छान झोप लागली.

सव्वीस जानेवारीला त्यांच्या गावच्या शाळेत कार्यक्रम होता. शहिदाची मुलगी भाषण करणार आणि पत्नीचा सत्कार होणार. छापखान्यातर्फे मी गेलो. पिशवीत नव्या आवृत्तीची पहिली प्रत होती.

झेंडावंदन झालं. मंडपात सगळं गाव होतं. ताईंना शाल, नारळ आणि लाकडी खुर्ची मिळाली होती आणि तिन्हींचाही त्यांना सारखाच जाच होत होता. मुलगी दोन वेण्या घालून माइकपाशी आली. भाषण पाठ होतं. शेवटी ती थांबली, तिनं श्वास घेतला आणि माझं वाक्य म्हटलं. कुठंही अडखळली नाही. 'तुझा पिता रणातून मागे फिरला नाही' असं म्हणताना तिनं पिता या शब्दावर हात छातीशी नेला. समोरची लेकरं तिच्याबरोबर ओठ हलवत होती, त्यांनाही पाठ होतं. म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

मुख्याध्यापक उत्साही होते. त्यांनी माइक ताईंच्या तोंडापाशी नेला. "वहिनी, आमची लेकरं नेहमी विचारतेत. तुमच्या तोंडून ऐकू द्या त्यांना. आपले भाऊ खरंच असं बोलले होते ना?"

ताईंनी समोर बघितलं. सगळी लेकरं बघत होती. मुलगी माइकच्या पलीकडं उभी राहून आईकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर काळजीबिळजी काही नव्हती. आई हो म्हणणार हे तिला माहीतच होतं.

"हाव," ताई म्हणाल्या. "असंच म्हणले."

टाळ्या झाल्या. मी मंडपाच्या खांबाशी उभा होतो. माझा हात पिशवीत होता आणि तो बाहेर काढावा की आत ठेवावा, हे मला सुचत नव्हतं.

दुपारच्या एसटीनं आम्ही नांदेडला निघालो. मुलगी खिडकीशी बसली आणि नायगाव सोडायच्या आत आईच्या मांडीवर झोपली. मी पुढच्या बाकावर होतो. इतकी वर्षं चुकवलेली गोष्ट आता तरी सांगून टाकावी, या भावनेनं मी वळून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सवयीनं आधी मधलं पान उघडून पिनेवरून अंगठा फिरवला. मग शेवटचं पान उघडलं.

"काढलं तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"हाव. काढलं ताई. उशीर झाला, पण काढलं."

त्या कोऱ्या जागेकडं बघत राहिल्या. एसटी खड्ड्यांतून चालली होती, पुस्तक त्यांच्या हातात हलत होतं. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"आता पोरगी विचारल," त्या हळू म्हणाल्या, ती जागी होऊ नये म्हणून. "पुस्तकातून का गेलं म्हणून. मी आज एवढ्या लोकांत सांगितलं. मंग मी खोटी, का पुस्तक खोटं?"

त्यांनी पुस्तक मिटून शालीत गुंडाळलं आणि पायाखालच्या पिशवीत तळाला घातलं.

मुलीला त्यांनी काय सांगितलं ते मला कळलं नाही. नवी प्रत तिच्या हाती पडूच दिली नसणार. मालक हैदराबादहून परतल्यावर कोरं पान बघून आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताई त्यानंतरही सहा-सात वर्षं आमच्याकडं होत्या. माझ्याशी वागण्यात फरक पडला नाही. चहा आला की माझा कप झाकून ठेवायच्या, प्रुफातली चूक दिसली की पेन्सिलीनं खूण करायच्या. मुलगी दहावी झाली, चांगले गुण पडले आणि दोघी लातूरला गेल्या, अकरावीच्या क्लासेससाठी. तिथं एका खोलीत राहतात. मुलीला डॉक्टर व्हायचं आहे, फौजेतली डॉक्टर. हे कुठून आलं ते मला माहीत आहे आणि त्यातलं किती माझं आहे याचा हिशेब मी करत नाही.

ताईंच्या टेबलावर आता घडी घालायचं यंत्र आहे. पिना आता नीट बसतात. तरी हात रिकामा असला की मी एखाद्या पुस्तकाच्या मधल्या पानावरून अंगठा फिरवून बघतो.

गेल्या महिन्यात त्या कोऱ्या पानाच्या आवृत्तीच्या प्रती अखेर संपल्या. मालकांनी विषय काढला, "चौकट परत घाला सर. शाळा विचारून राहिल्यात." या वेळी मी स्वतःच्या मनानं काही करायचं नाही असं ठरवलं आणि लातूरला फोन लावला. ताईंनी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग चाचांची. मी विचारलं, "ताई, काय करू? ठेवू का काढू?"

"घाला," त्या म्हणाल्या. "पोरगी अभ्यासाला बसताना ते पुस्तक वर ठेवती. राहू द्या तिला."

मी बरं म्हणालो. वाटलं, झालं बोलणं. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"सर, मालकांनी तवा विचारलं होतं, फोनवर काय बोलले म्हणून. मी सांगितलं न्हाई."

"तुमचं खासगी होतं ते ताई. बरोबरच केलं."

"खासगी काय होतं सर." त्या म्हणाल्या. "तिकडं वारं लई होतं. आवाज तुटून राहिला होता. ते काहीतरी सांगत होते, बराच वेळ सांगत होते. मला काहीच ऐकू आलं न्हाई. परत सांगा म्हणलं तर त्यांचं कार्ड संपून फोन कटल म्हणून मी नुसती हाव, हाव म्हणत राहिले. उद्या नीट बोलू, एवढंच शेवटाला ऐकू आलं आन् त्यांनी ठेवला." मग म्हणाल्या, "रिकामं ठेवा म्हणत होते मी, ते त्याच्यासाठी. मी कशाला हाव म्हणले, ते मला अजून ठाऊक न्हाई."

मी पेन हातात धरून बसलो होतो. समोर शेवटचं पान होतं, निम्मं कोरं. मरणाऱ्या चाळीस माणसांच्या तोंडी मी शब्द घातले होते, पण या बाईला म्हणायला माझ्याजवळ एक शब्द नव्हता.

"सर," पलीकडून ताई म्हणाल्या, "ऐकू येऊन राहिलं ना?"

"हाव," मी म्हणालो. "येतंय."